रोडस्टर आता घ्यावी की थांबावे?

पत्राचा सारांश : पश्चिम नागपुरात राहणारे ५१ वर्षांचे एक वाचक औषधांचा घाऊक व्यवसाय करतात. दोन आसनांची, टप उघडणारी स्पोर्ट्‌स रोडस्टर घ्यावी, ही त्यांची कॉलेजच्या दिवसांपासूनची इच्छा आहे आणि आता केवळ या हौसेसाठी बाजूला ठेवलेले ५५ लाख रुपये त्यांच्याजवळ आहेत. मन बीएमडब्ल्यू झेड४ वर बसले आहे. ती बंद होणार हे कळल्यापासून मात्र झोप उडाली आहे. उरलेली रक्कम कर्जाने उभी करून शिल्लक साठ्यातील नवी गाडी घ्यावी, असे त्यांना वाटते. मित्र म्हणतो, ‘घेऊन टाक ना बे, वय थांबते का?’ सीए म्हणतात, ‘युरोपशी करार झाला आहे, दोन वर्षे थांबा, निम्म्या किमतीत मिळेल.’ मुलगी यंदा नीट देते आहे आणि बाबांनी इलेक्ट्रिक गाडी घ्यावी, असे तिचे मत आहे. थोरल्या भावाच्या मते ही शुद्ध उधळपट्टी आहे. पत्नी ‘तुम्हाला हवी तर घ्या’ यापलीकडे काही बोलत नाहीत. घरात ७८ वर्षांच्या आई आहेत, एक मोठी गाडी आहे, सोसायटीत दोन गाड्यांची जागा आहे आणि दोन वर्षांपूर्वी कमरेच्या मणक्याचे दुखणे होऊन गेले आहे. ‘आता घेतली नाही तर कधीच होणार नाही, आणि घेतली तर मूर्ख ठरेन,’ असे लिहून त्यांनी सल्ला मागितला आहे.

प्रिय वाचकमित्र,

तुम्ही मूर्ख ठराल की नाही, हा प्रश्न मी आधीच बाजूला ठेवते, कारण तुमच्या पत्रातला तो सर्वांत कमी महत्त्वाचा प्रश्न आहे. वर्षानुवर्षे धंदा सांभाळून, आईचे औषधपाणी आणि मुलीचे शिक्षण यांची तरतूद आधी करून, त्यानंतर उरलेल्या पैशांतून एखाद्याने मनापासून आवडणारी गाडी घेतली, तर त्यात कोणाच्या तोंडचा घास काढला जात नाही. तुमच्या थोरल्या बंधूंचा ‘उधळपट्टी’ हा शब्द तेव्हा लागू पडेल, जेव्हा या गाडीसाठी दुसऱ्या कोणाच्या वाट्याचे पैसे खर्ची पडतील. नेमक्या याच कसोटीवर तुमचा कर्जाचा बेत मला खटकतो. ५५ लाखांची हौस मुळीच खटकत नाही.

‘आता की नंतर’ असा एकच प्रश्न तुम्ही विचारला आहे. पत्र पुन्हा वाचल्यावर मला त्यात थांबण्याची तीन-चार निरनिराळी कारणे एकमेकांत गुंतलेली दिसली. सीए किमतीसाठी थांबा म्हणतात, मुलगी नव्या तंत्रासाठी थांबा म्हणते, तुमचे स्वतःचे मन तिच्या प्रवेशाचा निकाल लागेपर्यंत अडखळते आहे, आणि मॉडेल बंद होण्याची भीती या सगळ्यांच्या उलट दिशेला ओढते आहे. या प्रत्येकाचे उत्तर वेगळे आहे, म्हणून ती सुटी करूनच पाहू या.

तुमची भीती खरी आहे, हे आधी मान्य करते. ऑस्ट्रियातील ग्राझ येथे मॅग्ना स्टायरच्या कारखान्यात, टोयोटा सुप्राच्या जोडीने तयार होणाऱ्या सध्याच्या झेड४ चे उत्पादन २०२६ मध्ये थांबत आहे. त्याआधी मर्सिडीजची एसएलसी २०२० मध्ये गेली, ऑडीची टीटी २०२३ मध्ये गेली, आणि पोर्शेच्या पेट्रोलवरील ७१८ बॉक्स्टरचे उत्पादन ऑक्टोबर २०२५ मध्ये संपले. पेट्रोल इंजिनाच्या, दोन आसनांच्या उघड्या गाड्या एकेक करून निरोप घेत आहेत आणि ज्याने तिशी-पस्तिशी त्यांची छायाचित्रे जपण्यात घालवली, त्याला घाई वाटावी हे स्वाभाविकच आहे. तरीही कारखान्यातले उत्पादन थांबले म्हणून रस्त्यावरच्या गाड्या नाहीशा होत नाहीत. मालक बदलत त्या विकल्या जात राहतात आणि सुटे भाग पुढेही बरीच वर्षे मिळतात. तुमच्या हातून निसटणारी गोष्ट एकच आहे : शून्य किलोमीटर चाललेली झेड४ घेण्याची संधी. आता तुमचेच पत्र आठवा. त्यात तुम्ही थंडीतल्या पहाटेबद्दल लिहिले आहे, सहा सिलिंडरच्या इंजिनाच्या आवाजाबद्दल लिहिले आहे, रामटेकच्या रस्त्यावर टप उघडण्याबद्दल लिहिले आहे. कोऱ्या गाडीचा, पहिला मालक असण्याचा उल्लेख त्यात कुठेच नाही. तुम्हाला जे हवे आहे, ते चार वर्षे वापरलेल्या गाडीतही तेवढेच मिळते. घाई विक्रेत्याला आहे, कारण शेवटचा साठा त्याला संपवायचा आहे.

आता सीएंचे म्हणणे पाहू. त्यांचे गणित चुकीचे नाही, फक्त ते तुमच्या गाडीला लागू होत नाही. परदेशात पूर्ण तयार होऊन येणाऱ्या, ४० हजार डॉलरहून महागड्या गाडीवर आपल्याकडे ११० टक्के आयात शुल्क लागते आणि शुल्कासह झालेल्या रकमेवर, २२ सप्टेंबर २०२५ च्या फेररचनेनंतर, ४० टक्के वस्तू व सेवा कर लागतो. बंदरावर ४० लाखांना पडणारी गाडी धरली तर शुल्क ४४ लाख होते, ८४ लाखांवर कर ३३ लाख ६० हजार होतो, आणि वितरकाचा नफा धरण्यापूर्वीच आकडा १ कोटी १७ लाखांच्या पुढे जातो. हेच शुल्क युरोपशी झालेल्या करारात ठरल्याप्रमाणे १० टक्के झाले तर तीच गाडी ६१ लाख ६० हजारांवर येते. म्हणून ‘निम्मी किंमत’ हे शब्द हवेतले नाहीत. मात्र २७ जानेवारी २०२६ रोजी जाहीर झालेल्या करारानुसार हे शुल्क टप्प्याटप्प्याने खाली यायचे आहे, तेही वर्षाला अडीच लाख गाड्यांच्या मर्यादेत, आणि त्याआधी दोन्ही बाजूंची मंजुरीची प्रक्रिया पूर्ण व्हावी लागते. शिवाय कमी झालेल्या शुल्कातला किती वाटा ग्राहकाला द्यायचा, हे कंपनीच ठरवते. शुल्क १० टक्क्यांवर येईल त्या दिवशी दालनात झेड४ उभीच नसेल. तुम्ही ज्या गाडीची वाट पाहाल, ती येणार नाही. दुसरी एखादी येईल, आणि ती तुम्हाला आवडेल की नाही हे आज कोणालाच माहीत नाही.

या करारातून तुम्हाला लागू होणारा एक मुद्दा सीएंनी सांगायला हवा होता. आयात गाड्यांच्या किमती खरोखर उतरल्या, तर आज घेतलेल्या प्रत्येक आयात गाडीचे पुनर्विक्री मूल्य त्यांच्याबरोबर उतरेल, कारण ६० लाखांत नवी रोडस्टर मिळत असताना तुमच्या जुन्या गाडीला कोणी ७० लाख देणार नाही. बंद झालेले मॉडेल पुढे दुर्मीळ म्हणून महाग होईल, असे विक्रेता सांगेल. या मोजणीवर एक रुपयाही लावू नका. आता घ्यायचीच असेल तर परत येणार नाहीत असे समजूनच पैसे घाला, आणि असे पैसे कर्जाचे कधीच असू नयेत.

तुमच्या बेतातले कर्ज एकदा कागदावर मांडून पाहा. झेड४ ची एप्रिल २०२५ मध्ये आलेली प्युअर इम्पल्स आवृत्ती ९६ लाख ९० हजारांना जाहीर झाली होती. करातील बदल आणि साठ्यावरची सवलत धरून आपण शोरूमची किंमत ९० लाख मानू. महाराष्ट्रात आयात केलेल्या गाडीला २० टक्के वाहन कर लागतो, म्हणजे १८ लाख. गाडी फर्मच्या किंवा कंपनीच्या नावावर घेण्याचा विचार कोणी सुचवला असेल, तर तिथेही कराचा दर २० टक्केच आहे, हे लक्षात ठेवा. १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आगाऊ वसूल केलेला कर, भरावा लागतो, जो पुढे आयकरात वळता होतो, आणि विमा काही लाखांचा होतो. रस्त्यावर येईपर्यंत एक कोटी बारा लाख धरले, तर तुमच्या ५५ लाखांत ५७ लाखांची भर घालावी लागेल. ९ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी याचा हप्ता महिन्याला सुमारे १ लाख १८ हजार होतो आणि एकूण व्याज जवळजवळ १४ लाख जाते. तुमच्या व्यवसायातून हा हप्ता निघेल, याबद्दल मला शंका नाही. पण ही पाच वर्षे म्हणजेच तुमच्या मुलीच्या वैद्यकीय शिक्षणाची वर्षे आहेत. तिला इथल्या मेडिकलमध्ये, मेयोत किंवा एम्समध्ये, म्हणजे सरकारी महाविद्यालयात, जागा मिळाली तर प्रश्नच मिटला. खासगी महाविद्यालयाची वेळ आली तर खर्च कित्येक पटींनी वाढतो. अशा घरात दर महिन्याच्या पाच तारखेला गाडीचा हप्ता जात असेल, तर ती गाडी प्रत्येक चर्चेत, कोणी तिचे नाव घेतले नाही तरी, मधे येऊन उभी राहील आणि तिच्यावर तुमचे आज जे प्रेम आहे ते टिकणार नाही. कर्ज काढून रोडस्टर घेऊ नका, हे मी कुठलीही सूट न ठेवता सांगते.

यानंतरचा भाग तुमच्या पत्रात जवळजवळ नाहीच, आणि माझ्या मते निर्णय तिथेच ठरतो. ही गाडी नागपुरात नेमकी केव्हा आणि कुठे चालवणार?

आपला उन्हाळा तुम्हाला मी सांगायला नको. मार्चच्या मध्यापासून दुपारी टप उघडण्याचा विचार करवत नाही, मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, आणि तेव्हा टप बंद करून, वातानुकूलन पूर्ण वेगाने लावून चालवलेली रोडस्टर ही केवळ एक अरुंद, सामानाला जागा नसलेली गाडी असते. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या अखेरपर्यंत पावसाचा भरवसा नसतो. उरतो दसरा ते होळी हा काळ, आणि त्यातही सकाळ व संध्याकाळ. पण हा काळ असा आहे, की देशातल्या फार थोड्या शहरांना तो मिळतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान दहा अंशांच्या आसपास किंवा त्याखाली उतरते, हवा कोरडी असते. टप उघडा, काचा वर, पायांवर हीटरची ऊब, आणि समोर रिकामा रस्ता, याचसाठी तर माणसे या गाड्यांवर जीव टाकतात. तुमची इच्छा नागपूरच्या हिवाळ्यात पूर्ण होण्यासारखी आहे, वर्षभर होण्यासारखी नाही. एवढे डोळ्यांपुढे ठेवून किंमत ठरवा. संक्रांतीच्या आधीचे दोन-तीन आठवडे मात्र वस्तीतून टप बंदच ठेवा. नायलॉन मांजाने आपल्या शहरात काय केले आहे, ते तुम्ही दरवर्षी वर्तमानपत्रात वाचता.

रस्त्यांचेही तसेच आहे. सगळे पहिल्यांदा समृद्धीचे नाव घेतात. शिवमडक्यापासून सुरू होणारा ७०१ किलोमीटरचा हा महामार्ग जून २०२५ पासून पूर्ण खुला आहे आणि त्यावर गाड्यांना ताशी १२० ची मर्यादा आहे. परंतु रोडस्टरचा आनंद सरळ रेषेत फारसा नाही. टप उघडा ठेवून १२० च्या वेगाने तासभर गेल्यावर वाऱ्याच्या आवाजाने कान दुखू लागतात, आणि उन्हाळ्यात तापलेल्या काँक्रीटवर टायरची परीक्षा होते. हिची खरी जागा वळणांच्या रस्त्यावर आहे. रामटेकला गडावर चढणारा रस्ता छोटा आहे, पण सुंदर आहे. सावनेर, सौंसरवरून छिंदवाड्याकडे जाताना लागणारा सिल्लेवानीचा घाट आहे. परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढणारा रस्ता आहे, जिथे हिवाळ्यात सकाळी धुके भेटते. पेंचच्या बाजूला ४४ क्रमांकाच्या महामार्गावर प्राण्यांसाठी भुयारी मार्ग केले आहेत, तरी दिवस मावळल्यावर तिकडे वेगाचा मोह आवरावा. असे सात-आठ रस्ते तुम्ही मनाशी लिहून काढा. वर्षातल्या हंगामात त्यांवर किती वेळा जाणे होईल, याचा प्रामाणिक अंदाज बांधा. महिन्यातून दोन पहाटा निघाल्या तरी माझ्या मते ते पुरेसे आहे. पण त्या खरोखर निघणार असतील तरच.

शहराच्या आत मात्र ही गाडी तुम्हाला जपावी लागेल. सध्याच्या झेड४ ची जमिनीपासूनची उंची साधारण साडेअकरा सेंटिमीटर आहे. नियमानुसार बांधलेला गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, त्यावरून ती तिरकी, सावकाश निघते. गल्लीतले गतिरोधक कोणत्या नियमाने बांधलेले असतात, हे तुम्ही जाणता. आपल्याकडे सिमेंट रस्ता आणि आतला जुना रस्ता यांच्या उंचीत जो फरक पडला आहे, तो तर रोजचाच आहे. म्हणून तुमच्या सोसायटीच्या उतारावरून अशी गाडी खाली न घासता उतरते की नाही, हे आधी प्रत्यक्ष तपासा. जागा तळघरात असेल तर दुसरा विचार करा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीचे पाणी अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कार्पोरेशन कॉलनीत शिरले, तेव्हा तळमजल्यावरच्या उंच गाड्यांचीही सुटका झाली नव्हती. विमा घेताना इंजिन संरक्षणाची जोड अवश्य घ्या, कारण पाणी ओढून इंजिन बिघडले तर साध्या पॉलिसीत ते बसत नाही.

आणि मणका. या विषयावर तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, म्हणून मी अधिक लिहिते. रोडस्टरमध्ये बसणे म्हणजे जवळजवळ जमिनीवर बसणे, आणि उतरणे म्हणजे तिथून एका पायावर उठणे. आखूड बाजूच्या टायरांमुळे रस्त्यावरचा प्रत्येक सांधा कमरेपर्यंत पोचतो. तुमच्या अस्थिरोगतज्ज्ञांना गाडीचे नाव आणि आसनाची उंची सांगून स्पष्ट विचारा. त्यांनी हरकत घेतली नाही तरी चाचणी फेरी दहा मिनिटांची घेऊ नका. तासभर चालवा, मध्ये चार वेळा उतरा-बसा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कंबर काय म्हणते ते पाहून मगच पुढे जा. ‘वय थांबते का’ या मित्राच्या वाक्यात एवढेच तथ्य आहे, आणि ते मी नाकारत नाही : साठीत ही गाडी आजच्याइतकी सुखाची असेलच असे नाही. त्यामुळे पाच-सात वर्षे थांबणे हा पर्याय मी तुमच्यापुढे ठेवणार नाही.

तुमच्या पत्नींच्या वाक्याचा अर्थ तुम्ही होकार असा लावला आहे. मला तसा तो दिसत नाही, आणि नकारही दिसत नाही. दोन आसनांच्या गाडीत दुसरे आसन त्यांचेच आहे, तेव्हा त्यांना ती हवी आहे का, पहाटे पाचला उठून चिखलदऱ्याला यायला त्यांना आवडेल का, की रविवारी तुम्ही एकटेच निघून जाल अशी त्यांची समजूत आहे, हे निवांत वेळी विचारा. त्याच बैठकीत त्यांची स्वतःची अशी कोणती गोष्ट इतकी वर्षे मागे पडली आहे, तेही विचारा, आणि जे उत्तर मिळेल त्याला ५५ लाखांतला वाटा द्या. आईंना या गाडीतून दवाखान्यात नेता येणार नाही, म्हणून घरातली मोठी गाडी विकण्याचा विचार चुकूनही करू नका.

मुलीच्या सूचनेबद्दल थोडक्यात लिहिते, कारण ती सूचना चांगली असली तरी तुमच्या इच्छेशी तिचा मेळ बसत नाही. एमजी सायबरस्टर ही इलेक्ट्रिक रोडस्टर जुलै २०२५ मध्ये ७४ लाख ९९ हजारांना आली. तिला ५१० अश्वशक्ती आहे, ती ३.२ सेकंदांत शंभरचा वेग गाठते, इलेक्ट्रिक गाड्यांवरील वस्तू व सेवा कर केवळ ५ टक्के आहे आणि राज्याच्या धोरणात वाहन करातही माफी आहे. कागदावर ती झेड४ ला मागे टाकते. पण तुम्हाला इंजिनाचा आवाज हवा आहे, तो तिच्यात नाही. शिवाय तीही तुमच्या ५५ लाखांत बसत नाही. ज्यांना आवाजाचे अगत्य नाही आणि घरी चार्जर बसवण्याची सोसायटीची परवानगी आहे, अशा वाचकांनी मात्र ती आधी पाहावी.

तर माझे मत असे. नवी गाडी घेऊ नका, कर्ज काढू नका, आणि दसऱ्यापर्यंत थांबा. दसरा मुहूर्तासाठी सांगत नाही. तोवर नीटचा निकाल आणि प्रवेशाच्या मुख्य फेऱ्या होऊन मुलीच्या शिक्षणाचा आकडा बहुतेक स्पष्ट झालेला असेल, पाऊस उतरलेला असेल, आणि उघड्या गाडीचा हंगाम समोर असेल. तीन वेगळ्या प्रतीक्षा त्या सुमारास एकदमच संपतात. प्रवेश शासकीय महाविद्यालयात झाला तर वापरलेली गाडी शोधायला लागा. खासगीत झाला तर पाच वर्षांचे पैसे आधी बाजूला काढा आणि उरलेल्यात काय बसते ते पाहा. ५५ लाखांपैकी १० लाख गाडीच्या किमतीत मुळीच घालू नका. अशा गाडीचे टायर, ब्रेक, विमा, टपाच्या यंत्रणेची एखादी दुरुस्ती यांसाठी ते लागतील. या गाड्यांची पुढची आणि मागची चाके वेगवेगळ्या मापांची असल्याने टायर आलटूनपालटून वापरताही येत नाहीत.

४५ लाखांत काय मिळेल? सध्याची पिढी एप्रिल २०१९ मध्ये आपल्याकडे आली, तेव्हा दोन लिटर इंजिनाची एसड्राइव्ह२०आय ६४ लाख ९० हजारांना आणि सहा सिलिंडरची एम४०आय ७८ लाख ९० हजारांना होती. विम्याच्या घसारा तक्त्यात चार ते पाच वर्षांच्या गाडीचे मूल्य निम्मे धरतात. बाजारात रोडस्टर कमी असल्यामुळे मालक त्याहून अधिक मागतात, पण घासाघीस सुरू करायला हा आधार योग्य आहे. सहा सिलिंडरचाच आग्रह असेल आणि भाव जुळत नसेल, तर त्याआधीच्या पिढीतील, धातूचा दुमडणारा टप असलेली ३५आय पाहा. ती बरीच स्वस्त पडेल, फक्त टपाच्या हायड्रॉलिक यंत्रणेची तपासणी जाणकाराकडून करून घ्या.

बहुधा तुम्हाला मुंबई, पुणे, हैदराबाद किंवा दिल्लीची गाडी घ्यावी लागेल. परराज्यातली असेल तर तिथल्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८, हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. हस्तांतराचे फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर ते फिटल्याचा फॉर्म ३५, आणि थकीत चालान यांची खात्री करा. महाराष्ट्रात नोंदणी करताना वाहन कर पुन्हा भरावा लागतो, तो किमतीत धरूनच सौदा करा. गाडी पाहायला दुपारी जा. टप चार-पाच वेळा उघडून-मिटून पाहा, कारण पहिल्यांदा सगळेच टप चालतात. टपाच्या कडेला पाणी वाहून जाण्याच्या नळ्या पालापाचोळ्याने तुंबल्या की पाणी आत मुरते, म्हणून गालिच्याखाली हात घालून ओल तपासा. आसनांच्या रुळांवर गंज आहे का पाहा. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्यावर पाण्याची रेषा दिसते का तेही पाहा. पुरातून निघालेल्या गाड्या धुऊन-पुसून दूरच्या शहरात विकल्या जातात, आणि उघड्या टपाच्या गाडीत हा धोका दुप्पट असतो. सेवेची संपूर्ण नोंद नसलेली गाडी कितीही सुंदर असली तरी सोडून द्या.

तुमच्यासारख्याच अडचणीत, पण लहान रकमांवर, अडकलेल्या वाचकांची पत्रे मला येत असतात. कोणाला टप उघडणारी थार हवी असते, कोणाला मोठ्या इंजिनाची मोटारसायकल. त्यांनाही मी हेच विचारीन : तुम्ही नेमके कशासाठी थांबला आहात आणि ती गोष्ट कोणत्या तारखेला कळणार आहे? तारीख सांगता येत असेल तर जरूर थांबा. सांगता येत नसेल, तर आजच्या पैशांत, हप्त्याशिवाय, काय मिळते ते पाहून निर्णय करा.

पहिल्या हंगामात मनासारखी गाडी सापडली नाही, तर शोधाची मुदत होळीपर्यंत वाढवा. ४५ लाखांची मर्यादा मात्र वाढवू नका. दरम्यान युरोपीय गाड्यांवरील शुल्ककपातीचा पहिला टप्पा लागू झाला, तर वापरलेल्या गाड्यांचे मालकही भाव खाली आणतील. तेव्हा ज्या गाडीवर बोलणी फिसकटली होती, त्याच मालकाला पुन्हा फोन करा.